सातूच्या मुळात पूल कसा शोधायचा

लासलगावला कांद्यावर गॅमा किरण सोडतात ते त्याला कोंब फुटू नयेत म्हणून. साठ ते नव्वद ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रेत कोंबाच्या टोकातल्या पेशींची गुणसूत्रं अशी तुटतात की पेशींना पुढे नीट विभागताच येत नाही. हे तुटणं डोळ्यांनी पाहायचं तर कांद्यापेक्षा सातू, म्हणजे जव, घ्या. त्याच्या मुळात तुटकी गुणसूत्रं चुकीची जोडली गेली की विभाजनात मध्ये दोरा ताणलेला दिसतो, त्यालाच आम्ही पूल म्हणतो. सव्वीस वर्षं एमएस्सीच्या मुलांकडून मी हेच करून घेतलं. सातूत चौदाच गुणसूत्रं, तीही ठसठशीत. भुईमुगाचं टीएजी-२४सारखं नामांकित वाण किरणांच्या वाटेनेच आलेलं असलं, तरी त्याची चाळीस बारीक गुणसूत्रं नवशिक्याला रडवतात. अमेरिकेतल्या मिसुरीत आनुवंशशास्त्रज्ञ स्टॅडलर यांनी क्ष-किरणांचे ते गाजलेले प्रयोग केले, १९२८ साली छापले, तेही सातूवरच.

बी मात्र पूजेच्या दुकानातून आणू नका. मी एकदा आणलं होतं. शंभरातले अकरा दाणे उगवले आणि सगळा आठवडा वाया गेला. बियाण्याचे जव आणा, आधी उगवण तपासा. मग डेसिकेटर या घट्ट बंद काचेच्या भांड्यात साठ टक्के ग्लिसरीनच्या वर, त्यात न बुडवता, आठवडाभर ठेवा, म्हणजे सगळ्या दाण्यांचा ओलावा सारखा होईल. हे टाळलं तर फसाल. खडखडीत वाळलेल्या दाण्याला त्याच मात्रेत जास्त इजा होते आणि तुम्ही दोष मात्रेला देत बसता.

किरण देणं हे गॅमा चेंबर असलेल्या संस्थेतल्या माणसांचं काम. आपण बटर पेपरच्या पुड्या करून पाठवायच्या: ०, ५०, १०० आणि २०० ग्रे. शून्याची पुडीही बरोबर जाऊन यायला हवी, प्रवासाचा उन्हाळा तिनेही सोसायला हवा. पुडीवर पेन्सिलीने लिहा. परत आलेल्या बियांना हात लावला तर चालेल का, असं आमचे प्रयोगशाळेतले मामा दरवर्षी विचारत. खुशाल लावा. गॅमा चेंबरमधल्या कोबाल्ट-६०च्या किरणांनी दाणा किरणोत्सारी होत नाही.

ओल्या टिपकागदावर दाणे रुजत घाला. आता घड्याळ पाहू नका, मूळ मोजा. जास्त मात्रेचे दाणे रेंगाळतात, म्हणून सगळ्यांना एकच तास लावला तर वेगवेगळ्या विभाजनांची तुलना होते. मूळ सेंटिमीटरभर व्हायच्या आतच कापा, कारण आपल्याला पहिलं विभाजन हवंय. पुढच्या विभाजनांत तुटके तुकडे हरवत जातात. कोल्चिसीन हे विभाजन अडवणारं रसायन वापरू नका. त्याने गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारा तर्कू मोडतो, आणि तर्कूच नसेल तर अॅनाफेज, म्हणजे गुणसूत्रं दोन टोकांना सरकतानाची पायरी, कुठून दिसणार?

तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसेटिक आम्ल, यात मुळं दिवसभर ठेवा. नंतर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. रंगवताना वॉचग्लासमध्ये ॲसेटोकार्मिन या रंगाचे नऊ थेंब आणि एक नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर गरम करा, उकळू देऊ नका. सुई लोखंडाची, थोडी गंजकी असली तर उत्तमच, रंग गडद चढतो. मुळाचं सर्वात काळपट झालेलं टोक तेवढं ठेवा, बाकी फेका. कव्हरस्लिप ठेवून टिपकागदाखाली अंगठ्याने सरळ दाबा. अंगठा घसरला तर स्लाइड गेली.

आता खरं काम. आधी शून्याच्या स्लाइडवर अर्धा तास घालवा. नाहीतर पोरांना जिथे-तिथे पूल दिसू लागतात. अॅनाफेजमध्ये दोन गट दोन टोकांना सरकलेले असतात. तुटलेली दोन गुणसूत्रं चुकीची जोडली गेली, तर एकाच गुणसूत्रावर दोन गुणसूत्रबिंदू (तर्कू जिथे धरून ओढतो त्या जागा) येतात. दोन्ही टोकांनी ओढ बसते आणि मध्ये दोरा ताणला जातो, तोच पूल. बिंदू नसलेला तुकडा मध्येच अनाथासारखा पडून राहतो. पूल आणि तुकडा एकाच पेशीत दिसले तर निःशंक मोजा. नुसता चिकट, जाडजूड, तुकडा नसलेला धागा दिसला तर तो बहुधा तुमच्या अंगठ्याचा किंवा चिकटलेल्या गुणसूत्रांचा प्रताप. तो वेगळ्या रकान्यात लिहा.

सुक्या दाण्यातल्या बहुतेक पेशींनी अजून डीएनएची दुसरी प्रत काढलेली नसते. त्यामुळे आधी झालेली चूक पुढे दोन्ही प्रतींत उतरते आणि पुष्कळदा जोडपूल दिसतो, कधी समांतर, कधी फुलीसारखा. एकेरी पूलच जास्त दिसू लागले, तर इजा प्रत काढल्यानंतरची आहे का, हे तपासा. दर मात्रेला पाच मुळं, किमान शंभर अॅनाफेज. विभाजन संपलेल्या पेशींत मुख्य केंद्रकाशेजारी ठिपका दिसला, तर तो मागे राहिलेल्या तुकड्याचं सूक्ष्मकेंद्रक असू शकतं. तेही टिपून ठेवा.

थोडे दाणे कुंडीत वाढवा. ओंबी पानाच्या आवरणात असतानाच परागकोश काढून याच रंगात पाहिले की एरवीच्या सात जोड्यांऐवजी कधी पाच जोड्या आणि चार गुणसूत्रांचं एक कडं दिसतं. दोन जोड्यांनी आपापसात तुकडे बदलले की असं होतं. एकाच झाडाच्या एका ओंबीत कडं असेल आणि शेजारच्या ओंबीत नसेल, कारण किरण दाण्यातल्या वेगवेगळ्या पेशींवर वेगवेगळे पडलेले असतात. म्हणून ओंब्या कधी एकत्र करू नका. प्रत्येकीला निराळी बाटली, निराळा क्रमांक, आणि क्रमांक पेन्सिलीनेच. अल्कोहोल सांडलं की शाई पुसली जाते.