शिक्षक प्रशिक्षणात मोबाइल वापरताय? या चुका टाळा

सातारा जिल्ह्यातल्या शिक्षण परिषदांना, म्हणजे एकेका केंद्रातल्या (शाळांच्या गटातल्या) शिक्षकांच्या बैठकांना, मी सुलभक म्हणजे चर्चा चालवणारा म्हणून जातो. केंद्र बदलतं, वह्या बदलतात, त्यात आपल्या पाठाबद्दल लिहिलेलं चिंतन मात्र तेच: ‘पाठ छान झाला, मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’ हे वाक्य दिसलं की मी वही मिटतो.

माझा खरा राग आहे तो पाठ चित्रित केला की चिंतन झालं असं समजण्यावर. जावळी तालुक्यातल्या एका शाळेत तिसरीचा वजाबाकीचा पाठ. बाईंनी मोबाइल डस्टरला टेकवून ठेवलेला. परिषदेत व्हिडिओ लावला तर सगळ्यांनी फळ्यावरचं अक्षर वाखाणलं. बाईंना खटकला तो स्वतःचा चिरका आवाज. मी प्रोजेक्टरवर रुमाल टाकला आणि म्हटलं, आता नुसतं ऐका.

“४२ वजा १७ किती?” एक पोरगा म्हणाला, “३५.” “नाही. दुसरं कोण सांगतंय?” एक मुलगी म्हणाली, “२५.” “शाब्बास, टाळ्या!”

त्या पोराचं ३५ आलं कुठून? दोनातून सात जात नाहीत, म्हणून गड्यानं सातातूनच दोन वजा केले. दशकाचा गठ्ठा सोडायचा असतो, हे त्याला उमगलंच नव्हतं. बाई हळूच म्हणाल्या, “सर, हा रोजच असं करतो. मला वाटायचं, धांदरट आहे.” त्याआधी तोच व्हिडिओ आम्ही पंचवीस जणांनी डोळे उघडे ठेवून पाहिला होता!

तेव्हापासून माझी सवय: आधी पडदा बंद, फक्त आवाज. तोही दहाच मिनिटं. अख्खा तास ऐकायला बसाल तर दुसऱ्या दिवशी सोडून द्याल. प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबतो ते मोजा. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात आढळलं, की शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर मुलं जास्त बोलतात. मी माझं मोजलं. दीडच्या पुढे गेलो नव्हतो, आणि निघालो होतो इतरांना शिकवायला.

मग वहीत तीन ओळी: मूल त्याच्या शब्दांत काय म्हणालं, मी काय केलं, उद्या काय बदलणार. शाळा सुटल्यावर लगेच, एसटी पकडायच्या आधी. व्यावसायिक कामातून कसे शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या डोनाल्ड शॉन यांनी कृती चालू असतानाचं आणि कृतीनंतरचं असं दोन तऱ्हेचं चिंतन मांडलं. नवख्यांना पहिल्याची घाई असते. आधी दुसरं तरी जमू द्या.

दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या शिक्षकांच्या कोर्सचं काय सांगावं! २०२०च्या शैक्षणिक धोरणानं वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. आमच्यातल्या काहींनी त्यावर तोडगा काढला: फोन चार्जिंगला, व्हिडिओ चालू, आपण स्वयंपाकघरात, प्रश्नमंजूषेची उत्तरं ग्रुपवर. प्रमाणपत्र मिळतं म्हणा. त्यापेक्षा एकच व्हिडिओ मधल्या सुट्टीत दोघांनी मिळून बघा आणि भांडा.

कोयनाकाठच्या शाळेत जाताना साहित्य आदल्या दिवशीच डाउनलोड करा. तिथं रेंज शोधत डोंगर चढलेले लोक मी पाहिलेत. चिंतन एआयकडून लिहून घेऊ नका, पहिल्या ओळीत कळतं. पाठाबद्दल मत ग्रुपवर मागू नका, अंगठेच मिळतात. आणि मुलांचे चेहरे दिसणारं चित्रण कुठंही पाठवू नका; बघून झालं की पुसून टाका.