आईच्या गोळ्यांचा हिशेब असा बसवला

औषधांच्या चिठ्ठीचे दोन कागद होते: एक बांबोळीच्या गोमेकॉतला (गोवा मेडिकल कॉलेज), दुसरा म्हापशाच्या खाजगी डॉक्टरांचा. सगळ्या स्ट्रिपा टेबलावर मांडल्या आणि ब्रँड सोडून खाली बारीक अक्षरांत छापलेलं मूळ औषध वहीत उतरवलं. तिथेच चूक सापडली. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच टेल्मिसार्टन 40 मिग्रॅ, म्हणजे रक्तदाबाचं औषध. उठताना येणारी चक्कर त्यामुळेच असावी. मनाने काहीच बंद केलं नाही. वही डॉक्टरांना दाखवली, त्यांनी एक गोळी कमी केली.

मग खर्च. डॉक्टरांकडून मूळ नावाने चिठ्ठी लिहून घेतली आणि जनऔषधी केंद्रात गेलो. तिथे औषधं ब्रँडपेक्षा साधारण 50 ते 80 टक्के स्वस्त मिळतात. घेताना तीन गोष्टी जुळवायच्या: औषध, मिग्रॅ आणि पुढची अक्षरं. मधुमेहाची साधी मेटफॉर्मिन 500 आणि एसआर 500 एक नव्हे; एसआर हळूहळू विरघळते, म्हणून ती मोडायची किंवा कुटायची नाही. थायरॉईडच्या गोळीची कंपनी मात्र वरचेवर बदलू नये. बदललीच तर 6 ते 8 आठवड्यांनी रक्तातलं टीएसएच (थायरॉईडची तपासणी) तपासावं. ती गोळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियम तिच्यानंतर किमान 4 तासांनी.

पैसे वाचवायला एक दिवसाआड गोळी घेणं फार धोक्याचं, वयस्कर माणसं हे सांगतही नाहीत. म्हणून महिनाअखेरीस उरलेल्या गोळ्या मोजायच्या.

आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात गोळ्या स्ट्रिपेतून आठवडाभर आधी काढू नयेत. स्ट्रिप कापताना मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवायचा.