ईआरपी आलंय, आता मॅनेजरने काय बदलायचं?

आमच्या भोसरीतल्या मशीन शॉपमध्ये ईआरपी, म्हणजे प्रॉडक्शन, स्टॉक, खरेदी, बिलं सगळं एकाच ठिकाणी भरायचं सॉफ्टवेअर, आलं तेव्हा प्रॉडक्शन माझ्याकडे होतं. पहिले दोन महिने कोणीच नीट एंट्री करत नव्हतं आणि त्याला कारण मीच होतो, कारण रोज सकाळी आल्या आल्या मी सुपरवायझरला विचारायचो "काल किती पीस निघाले?" आणि तो खिशातली डायरी काढून सांगायचा. मग त्याने सिस्टीममध्ये कशाला भरायचं?

तर आधी डायरी मागणं बंद करा. सकाळची मीटिंग स्क्रीनसमोर उभं राहून घ्या, आकडा चुकीचा दिसला तरी तोच मोठ्याने वाचा, ज्याचा चुकलाय तो स्वतःहून दुरुस्त करायला येतो. रजिस्टर कधी बंद होणार त्याची तारीखही आधीच सांगून टाका, नाहीतर माणसं दुप्पट लिहून वैतागतात.

मग शिफ्ट सुटताना फ्लोअरवर जाऊन उभे रहा, हे केबिनमध्ये बसून कळत नाही. आमच्याकडे कॉम्प्युटर एक, ऑपरेटर अकरा, हात कूलंटने माखलेले आणि बाहेर बस उभी, त्यात रिजेक्शनच्या, म्हणजे पीस बाद होण्याच्या, कारणांची बावीस ओळींची लिस्ट उघडायची, जो तो 'इतर' दाबून मोकळा! आम्ही पोरांनाच विचारून सहाच कारणं ठेवली, त्यांच्या भाषेत: टूल तुटलं, बोअर (भोक) मोठा झाला, मटेरियल खराब, अशी. जॉब कार्डवर, म्हणजे प्रत्येक कामासोबत फिरणाऱ्या कागदावर, बारकोड लावला.

सगळ्यात महत्त्वाचं, खरं भरणाऱ्याला झापू नका. पन्नास मिनिटं मशीन बंद होती असं कोणी लिहिलं आणि तुम्ही ओरडलात, की उद्यापासून सगळ्यांच्या मशीन दहाच मिनिटं बंद राहतात. त्यापेक्षा विचारा, कशासाठी थांबला होतास? टूल, क्रेन की इन्स्पेक्शन?

डिस्पॅचला मात्र सवलत देऊ नका. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवर टर्नओव्हर असलेल्यांना दुसऱ्या धंद्याला माल विकताना जीएसटीचं ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, करावंच लागतं, त्यामुळे "गाडी जाऊ दे, बिल नंतर करू" हे आता चालत नाही.

आणि आयटम कोड बनवताना जुन्या स्टोअरकीपर काकांना शेजारी बसवा. आमच्याकडे '6205 बेअरिंग' आणि 'बेअरिंग 6205' असे दोन कोड झाले होते, एकात स्टॉक शून्य म्हणून परचेसवाले ऑर्डर टाकत होते आणि काका म्हणाले, "अहो साहेब, खालच्या रॅकमध्ये चाळीस पडलेत."