नाशकात फिरती कॉफी गाडी: गाडी सगळ्यात शेवटी घ्या

रविवारी सकाळी मिसळ हाणली की नाशिककर वळतो तो चहाकडे, आणि चहा इथे कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. तेव्हा या धंद्यातला पहिला प्रश्न मशीन कोणतं घ्यायचं हा नाही. चहा सोडून कॉफी कोण घेईल, कुठे आणि किती वाजता, हा आहे. त्याचं उत्तर हाती येईपर्यंत गाडीच्या नावाने एक रुपयाही देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

आधी जागा, तीही वेळेसकट. गोल्फ क्लबवर गिऱ्हाईक सकाळी फिरायला येतं आणि ऊन चढलं की घरी जातं. कॉलेज रोड संध्याकाळी जागा होतो. सातपूर-अंबडला सगळा खेळ शिफ्ट सुटण्याच्या वेळेचा. एक जागा निवडा आणि दोन आठवडे रोज त्याच वेळी तिथे उभे राहून माणसं मोजा. किती जण थांबतात, किती नुसते पुढे जातात, वहीत लिहा. मग ओळखीच्या एखाद्या दुकानदाराला विचारून त्याच्या ओट्यावर टेबल मांडा आणि थर्मासमधून फिल्टर कॉफी विकून पाहा. रोज तेच चेहरे परत येऊ लागले, तर जागा चालणार.

कागद. या टेबलासाठीसुद्धा अन्न नोंदणी लागते. छोट्या विक्रेत्याची एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर होते, फी वर्षाला १०० रुपये. नोंदणीपत्र गाडीवर दिसेल असं लावा. रस्त्यावर उभं राहायचं तर पथविक्रेता कायदा, २०१४ लागू होतो. महापालिकेच्या फेरीवाला विभागात जाऊन विक्री प्रमाणपत्र आणि फेरीवाला क्षेत्रांची चौकशी करा. माझं मत विचाराल तर सुरुवात खासगी जागेतून करा: कंपनीचं आवार, सोसायटी, लॉन्स. मालकाची परवानगी मात्र लेखी घ्या. तोंडी शब्दावर उभी राहिलेली गाडी एका दिवसात उठवली जाते.

आता गाडी. ॲपे, जुनी ओम्नी किंवा छोटा हत्ती, तिन्ही चालतात. गल्लीबोळात ॲपे सोयीची, पण आत उभं राहून काम करायचं तर छोटा हत्तीच बरा. आरसी बुकात नोंदलेल्या गाडीत परवानगीशिवाय बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे. म्हणून गाडीची बांधणी करून देणाऱ्या फॅब्रिकेटरकडे जाण्याआधी आरटीओत जा. विमा कंपनीलाही बदल कळवा.

वीज हा खरा डोकेदुखीचा भाग. एस्प्रेसो म्हणजे दाबाने उतरवलेली दाट कॉफी. तिचं एका ग्रुपचं (कॉफी उतरायचं एकच तोंड असलेलं) व्यावसायिक मशीन साधारण दोन ते तीन किलोवॅट खेचतं; एवढं ओढणारा इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या महाग आणि जड पडतात, जनरेटरच्या आवाजाने गिऱ्हाईक वैतागतं. गॅसवर चालणारं लिव्हर मशीन, म्हणजे हाताने दांडा ओढून कॉफी उतरवायचं, हा चांगला मार्ग. सिलिंडर १९ किलोचा, व्यावसायिकच घ्या आणि उभा बांधा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून हवेची जाळी फरशीलगत हवीच, फक्त वर खिडकी असून भागत नाही. अग्निशामक हाताशी ठेवा.

कॉफी. एस्प्रेसोचं माप पाठ करा: १८ ग्रॅम पूड, २५ ते ३० सेकंद, कपात सुमारे ३६ ग्रॅम. लवकर उतरली तर दळण बारीक करा, अडली तर जाड. दूध ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवा, त्यापुढे त्याची गोडी जाते. सोबत फिल्टर कॉफी ठेवाच. तिला वीज लागत नाही, आणि घरी कॉफी पिणाऱ्या माणसाला ती ओळखीची वाटते.

हिशेब असा मांडा. कपाला १८ ग्रॅमने एक किलो बियांतून ५५ कप निघायला हवेत, पण दळण जुळवताना वाया जाणारं धरून ५०च मोजा. कपाला १५० मिली दूध धरलं तर लिटरमागे साडेसहा कप. सांडलं-उतू गेलं धरून सहाच. या दोन आकड्यांवरून कपामागे कॉफी-दुधाचा खर्च काढा आणि त्यात साखर, कप, गॅस, जागेचं भाडं आणि तुमचा रोजचा पगार मिळवा. पगार विसरू नका, बहुतेकांचा हिशेब तिथेच फसतो.

मशीनची दूध तापवायची स्टीमची नळी प्रत्येक कपानंतर ओल्या फडक्याने पुसा आणि क्षणभर वाफ सोडा. वाळलेलं दूध आत अडकलं की वास येतो, आणि तो वास गिऱ्हाइकाला तुमच्याआधी कळतो. पाणी आरओचं वापरा, नाहीतर बॉयलरमध्ये क्षार धरतात.

एप्रिल-मेमध्ये गरम कॉफी मंदावते. बर्फाची पेटी आणि कोल्ड कॉफी तयार ठेवा. पाऊस लागला की शनिवार-रविवारी गर्दी अंजनेरी-त्र्यंबकच्या वाटेला लागते. त्या वाटेवरच्या एखाद्या ढाब्याच्या मालकाशी मे महिन्यातच बोलून ठेवा, आणि गाडीला ताडपत्री चांगली जाड घ्या.