परिक्रमेत जोडीदार घरी निघाला तर

नर्मदा परिक्रमेला, म्हणजे सगळ्या नदीला पायी प्रदक्षिणा घालायला, ओंकारेश्वरहून निघालो तेव्हा आम्ही पाच मूर्ती. नर्मदेकाठी माणसं अशीच मोजतात. आश्रमाच्या दारात पाय ठेवला की "नर्मदे हर"च्या पाठोपाठ विचारतात, "कितनी मूर्ती?" आणि त्या हिशेबानं डाळ-तांदूळ शिजायला पडतात. मी, माझा साडू, आमच्या गावचे मास्तर, त्यांच्या मंडळी म्हणजे आमच्या वहिनी, आणि आण्णा, साडेतीन एकर उसाचे मालक. 2022 ची त्रिपुरी पौर्णिमा झाली आणि दोन दिवसांनी आम्ही संकल्प केला. अंकलेश्वरपर्यंत पाच होतो. तिथून पुढं तीन.

मी एसटीत कंडक्टर होतो, 29 वर्षं. माणसं चढवणं-उतरवणं हाच धंदा. तरी हे पाचाचे तीन करताना जेवढं चुकता येईल तेवढं चुकलो. गावातून कुणी परिक्रमेला निघालं की बूट कुठले घ्यावेत ते विचारायला माझ्याकडं येतं. बुटांचं कुणीही सांगेल, एक नंबर मोठा घ्या म्हणजे झालं. मी त्यांना बसवून हे सांगतो.

घरून निघतानाच

संकल्पाच्या आधी, सगळे एकत्र बसलेले असताना, कुणीतरी तोंड उघडून विचारावं: मधेच कुणाला परत जावंसं वाटलं तर काय करायचं? आम्ही विचारलं नाही. अपशकुन वाटला. मास्तर तर म्हणाले, "शुभ बोल रे नाऱ्या." त्यामुळं पुढं प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा ज्याला जायचं होतं त्याला गुन्हेगारासारखं वाटत राहिलं, आणि उरलेल्यांना फसवल्यासारखं.

दुसरं, परतीचं भाडं. प्रत्येकानं आपापल्या कमरेच्या पिशवीत वेगळं शिवून ठेवावं आणि त्याला हात लावू नये. सामाईक डब्यातून भाडं मागायची वेळ कुणावर येऊ नये. आण्णा आठ दिवस गप्प होते ते याच पायी, हे मला नंतर कळलं.

तिसरं, ज्याची वस्तू त्याच्याच सॅकमध्ये. आमची सगळी औषधं आण्णांकडं, पातेली साडूकडं, मेणकापड मास्तरांकडं आणि चार्जर पाचांत दोन. ओझं वाटून घेतलं म्हणून आम्ही खूश होतो. पण असं वाटलेलं सामान माणसं बांधून ठेवतं. एकजण हलला की सगळ्यांचा संसार विस्कटतो. आश्रमांचे शिक्के मारायची वहीही प्रत्येकाची वेगळी हवी.

आणि कुपी. संकल्पाचं जल जिच्यात घेतात ती बाटली. नवरा-बायकोत एकच घेण्याची पद्धत आहे, मास्तर-वहिनींनी तशी घेतली होती. त्याचं पुढं सांगतो.

घरची ओढ कशी ओळखायची

दमलेला माणूस आणि घराकडं ओढ लागलेला माणूस वरून सारखेच दिसतात. दमलेल्याचा दुखणारा पाय मात्र एकच असतो. घराची ओढ लागलेल्याचं दुखणं फिरतं: सकाळी टाच, दुपारी गुडघा, रात्री पोट. आण्णांचं भादलच्या चढावर सुरू झालं. हा शूलपाणीच्या झाडीचा भाग, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातला. पूर्वी इथं परिक्रमावासींना मामालोक, म्हणजे इथले भिल्ल, लुटून अंगावरच्या लंगोटीनिशी सोडत असत. आता लुटत नाहीत, उलट चहा पाजतात. पण चढ तेच आहेत आणि फोनला रेंज मिळाली तर मिळाली. रेंज नसली की आण्णा बेचैन. टेकाडावर एक काडी मिळाली की लगेच फोन: "चिठ्ठी आली का? तोड कधी आहे?" कारखान्याची तोड म्हणजे काय ते ऊस लावणाऱ्यालाच कळतं. लांबली की वजन घटतं, आणि मुकादमाच्या मागं लागायला घरात दुसरं कुणी नाही.

मास्तरांचं वेगळं होतं. त्यांना काहीच दुखत नव्हतं. फक्त बोलताना सारखं "आपल्याकडं" यायला लागलं. आपल्याकडं आता हुरडा असेल. आपल्याकडं असली चुलीची जाड टिक्कडं कोण खाईल. मुलीला सातवा महिना होता, ते मात्र एकदाही बोलले नाहीत. गप्प राहून दुसऱ्याच गोष्टीला नावं ठेवतो, त्याची ओढ सगळ्यात जास्त, असा माझा अनुभव.

अशा वेळी दोन मुक्काम एकाच जागी करावेत. बरा आश्रम बघून. पोटभर जेवण, दुपारची झोप, कपडे धुणं, पायाला तेल. दमणूक असेल तर तिसऱ्या दिवशी माणूस स्वतःच सॅक उचलतो. तिसऱ्या दिवशीही मन तिकडंच असेल तर त्याला सोडायचं. ताप असताना, उपाशीपोटी किंवा रात्री हा विषय काढू नये. रात्री घेतलेला निर्णय सकाळी बदलतो आणि मग दोनदा लाज वाटते.

विचारायचं कसं? एकट्याला गाठून, चालता चालता. समोर बसवून विचारलं की पंचायत भरल्यासारखं होतं. मी आण्णांना माथासरच्या पुढच्या उतारावर विचारलं, "आण्णा, घरी जायचंय का?" ते थांबलेसुद्धा नाहीत. "होय," म्हणाले आणि काठी टेकत पुढं गेले. एवढंच. मी आठ दिवस जीव खाऊन वाक्यं जुळवत होतो.

एक वाक्य मात्र कुणी उच्चारू नये: "मैया परीक्षा बघतीये." आमच्या साडूनं उच्चारलं. ज्याला थांबवायचं आहे त्याच्यावर मैयाचा दांडका उगारायचा हा प्रकार मला आवडत नाही. माणूस थांबतो, पण त्यानंतरच्या दर फोडाला तुम्ही जबाबदार होता.

जोडपं असेल तर दोघांना वेगवेगळं विचारा. हे मी विसरलो. मास्तर निघणार म्हणजे वहिनीही निघणार असं धरून दोघांच्या तिकिटाचं बोलायला लागलो. वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझं तिकीट कुणी काढायला सांगितलं तुम्हाला?" चाळीस वर्षं कंडक्टर असतो तरी या प्रश्नाला उत्तर सापडलं नसतं.

कुठं उतरायचं

परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला आणि ती ओलांडायची नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. घरी परतणाऱ्याच्या दृष्टीनं त्याचा अर्थ काय, हे नकाशा उघडल्यावरच कळतं.

ओंकारेश्वरहून दक्षिण तटानं समुद्राकडं चालत असता, तोवर तुम्ही आणि महाराष्ट्र नदीच्या एकाच बाजूला असता. कुठूनही घरी जा, नदी आडवी येत नाही. झाडीत मात्र सोडचिठ्ठी नको. ती पार करून राजपीपळ्याच्या बाजूला या, म्हणजे एसटी सापडते (गुजरातचीही एसटीच, बघून बरं वाटतं). सगळ्यात सोयीचं अंकलेश्वर. मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावरचं स्टेशन, नदीच्या अलीकडं. मुंबईकडची गाडी धरली की नदी ओलांडायचा प्रश्नच येत नाही. आमच्या भाषेत हा विनंती थांबा: उतरायचं असेल तर इथं दोरी ओढा.

कारण यानंतर हांसोटवरून किनाऱ्याला जायचं, भरतीची वाट बघायची आणि नावेतून खाडी पार करून मिठी तलाईला उतरायचं. तिथं उत्तर तट सुरू होतो. आता घर नदीपलीकडं. भरूचहून मुंबईकडं निघालेली गाडी पहिल्यांदा नर्मदेच्या पुलावरच चढते. पुढं थेट अमरकंटकपर्यंत, म्हणजे नदीच्या उगमापर्यंत, हीच अडचण. परत दक्षिण तटानं येताना नर्मदापुरम, म्हणजे जुनं होशंगाबाद, लागलं की जवळच्या इटारसीहून खंडवा-भुसावळमार्गे नदी न ओलांडता घरी जाता येतं. पण तिथवर आलेला माणूस ओंकारेश्वर गाठतोच.

उत्तर तटावर कुणाला निघावंच लागलं तर खंड परिक्रमेची वाट आहे. नोकरीवाले पुष्कळ जण तशीच करतात, दर हिवाळ्यात रजा असेल तेवढे दिवस. ज्या घाटावर थांबलात तिथं पूजा करायची, वहीत तारीख-शिक्का घ्यायचा, आणि पुन्हा येऊन त्याच घाटावरून उचलायचं. घाटाचा फोटो काढून ठेवा. वर्षानं सगळे घाट सारखे वाटतात. हा खंड कुणी मानतं, कुणी मानत नाही. आश्रमाआश्रमांत मतं वेगळी. त्या वादात तिथं उभं राहून पडू नका. आणि दुखणं किंवा मयत असेल तर यातलं काही बघायचं नाही, मिळेल त्या गाडीनं निघायचं.

पैसे, पातेली, कुपी

पैशाचं आदल्या संध्याकाळी उरकावं, सगळ्यांसमोर, वहीत लिहून. आम्ही तीन-तीन हजार घालून 15,000 चा डबा केला होता. आश्रमांत राहणं-जेवण होत असल्यानं खर्च बेताचा: चहा, औषध, दक्षिणा, कुठं भाजी. 6,250 गेले होते. उरले 8,750, प्रत्येकी 1,750. आण्णा म्हणाले, "राहू दे, मैयाच्या कामाला लागतील." इथं भिडेत पडायचं नाही. मी मोजून हातात ठेवले. राहू दिले असते तर पुढं आमच्या प्रत्येक चहाचे अर्धे घोट आण्णांच्या उपकाराचे झाले असते.

सामानात एकच धोरण: जाणाऱ्यानं आपलं सामान आपण घरी न्यावं. मागं राहणाऱ्यांना प्रेमानं काही देऊ नये. आण्णांनी मला त्यांचं कांबळं दिलं. माझं ओझं आधीच आठ-नऊ किलो. दोन दिवस वाहिलं, तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या गुराख्याला दिलं, आणि आण्णांना कधी सांगितलं नाही. आता कळेल. मेणकापड आणि औषधं तेवढी चालणाऱ्यांकडं राहावीत. प्रत्येक गोळी कशावरची ते जाणाऱ्याकडून लिहून घ्या.

कुपीचं असं झालं. मास्तर खंड करणार, पुढच्या साली अंकलेश्वरहून उचलणार. म्हणजे जल त्यांना घरी देव्हाऱ्यात ठेवायला हवं. वहिनी चालणार, म्हणजे त्यांनाही हवं. पुढं समुद्रात थोडं सोडून तिथलं भरायचं असतं. कुपी एक. आश्रमाच्या पुजाऱ्यांनी बाजारातून तशीच रिकामी बाटली आणवली. मास्तरांनी जुनी कुपी तिरकी धरली, वहिनींनी नवी खाली धरली. पाणी मुळात वाटीभर. मास्तरांचा हात थरथरत होता, थोडं बाहेर सांडलं. वहिनींनी ते बोटानं टिपून डोळ्यांना लावलं आणि म्हणाल्या, "सावकाश. गाडी उद्याची आहे." दोघांनी बाटल्या उजेडात धरून पातळी बघितली. मास्तरांकडं बोटभर जास्त गेलं होतं. त्यांनी परत ओतायला बाटली पुढं केली, वहिनींनी झाकण लावून टाकलं.

म्हणून सांगतो, कुप्या पहिल्यापासून दोन घ्या.

निघण्याची सकाळ

आम्ही जाणाऱ्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. ही माझी सगळ्यात मोठी चूक. फलाटावर गाडीची घोषणा झाली, वडापाववाला आला, कुणीतरी मराठीत मोबाइलवर भांडत होतं, आणि आमच्या साडूचे डोळे खिडकीकडं लागले. मैया परीक्षा बघतीये म्हणणारा हाच. "दाजी, मीपण जाऊन येतो चार दिवस," म्हणाला. गाडी दोन मिनिटं आणखी थांबती तर आम्ही दोघंच उरलो असतो.

तेव्हा क्रम उलटा ठेवा. आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून आरती करा, जेवा. सकाळी चालणाऱ्यांनी आधी निघायचं, नेहमीच्या वेळेला, अंधार सरता सरता. जाणाऱ्यानं आश्रमाच्या दारात उभं राहून "नर्मदे हर" म्हणायचं आणि नंतर सावकाश बस-स्टेशन गाठायचं. दोन घंट्या दिल्या की कंडक्टर दार बघतो, उतरलेला प्रवासी कुठं गेला ते बघत नाही.

घरच्यांना फोन जाणाऱ्यानंच करायचा, आणि गाडीत बसण्याआधी. दुसऱ्याच्या तोंडून कळलं की गावात "अर्ध्यातून पळून आला" व्हायला वेळ लागत नाही. कारण एकच ठरवा आणि पाचांनीही तेच सांगा. आमच्यात आण्णांचं ठरलं "तोड", मास्तरांचं ठरलं "मुलीचं बाळंतपण". साडूनं त्याच्या बायकोला भलतंच काही सांगितलं, ते निस्तरायला मला दोन फोन करावे लागले. नंतर आठवड्यातून एकच फोन ठेवा. रोज आज कुठं पोचलात असं विचारणाऱ्याला घरी बसवत नाही आणि चालणाऱ्याला चालवत नाही.

निघाल्यावर पहिले चार-पाच दिवस कमी चाला. चालीचा मेळ नव्यानं बसवावा लागतो. आमच्यात आण्णा पुढं, मास्तर मागं, अशी सवय होती. आता पुढं कुणी नाही म्हणून आम्ही उगाच घाई करायचो आणि मागं कुणी नाही म्हणून उगाच थांबायचो. शेवटी वहिनींना पुढं घातलं. त्यांची चाल बारीक, पण ठरलेली.

मिठी तलाईला नावेतून उतरलो तेव्हा अंधार पडला होता, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. आश्रमाच्या दारात सेवेकऱ्यानं कंदील वर धरून विचारलं, "कितनी मूर्ती?" मी म्हणालो, "पाँच." त्यानं माझ्यामागं बघितलं. पाच पत्रावळ्या मांडल्या, आणि उरलेल्या दोघांची वाट बघत वाढायचं थांबवून ठेवलं.