गुहेचा नकाशा काढताना दगडांच्या चिन्हांत या चुका टाळा

गोव्यातल्या खांडेपार, हरवळे, रिवण इथल्या गुहा चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात कोरलेल्या. आंतरराष्ट्रीय गुहाविज्ञान संघटनेने १९९९ साली मान्य केलेल्या यादीतली बरीच चिन्हं मात्र चुनखडीच्या गुहांत सापडणाऱ्या गोष्टींची. पहिली चूक इथेच होते. छतातून झाडाचं मूळ लोंबतंय, त्याला लवणस्तंभाचं, म्हणजे छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातल्या चुन्याने बनलेल्या सुळक्याचं चिन्ह दिलं जातं. यादीत नसेल तर स्वतःचं साधं चिन्ह करा आणि नकाशावरच्या चिन्हांच्या सूचीत त्याचा अर्थ लिहा.

सगळ्यात जास्त घोळ सुट्या आणि भिंतीच्या अंगच्या दगडांत होतो. चिरा ओलीने मऊ होतो, त्याचे ढेकळासारखे तुकडे खाली पडतात. पडलेला धोंडा बंद रेषेने, मोठा असेल तर त्याच्या खऱ्या आकारात आणि मापात काढायचा. भिंतीतून पुढे आलेला दगड भिंतीच्या रेषेलाच जोडायचा. माझ्या पहिल्या नकाशात मी असा एक कोपरा सुटा दाखवला होता, आणि नकाशा पाहणाऱ्याला छत ढासळलंय असं वाटलं. चिन्ह काढण्याआधी बॅटरी तिरकी धरून दगडाचा खालचा कड बघा. शंका असेल तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाजाने रेघ ओढू नका.

खांडेपारला एका गुहेच्या छतावर कमळ कोरलंय. ते अखंड रेषेने काढलं तर वाचणारा ते जमिनीवर शोधेल. छतावरचं सगळं तुटक रेषेने दाखवा. छताची उंची वर्तुळातल्या आकड्याने द्या.

कडा दाखवणाऱ्या रेषेवरच्या छोट्या रेघा उताराच्या, म्हणजे खोल बाजूला हव्यात. त्या उलट्या झाल्या की खड्ड्याचा चबुतरा होतो. अंधारात पाऊल टाकणाऱ्यासाठी ही चूक जीवावरची आहे, म्हणून ही चिन्हं गुहेतच, कडेला उभं असताना काढा, घरी आठवणीने नव्हे.

नकाशात भिंती जुळतच नसतील तर चिन्हांआधी होकायंत्र तपासा. चिऱ्यात लोह असतं, शिवाय हेल्मेटची बॅटरी जवळ असली तरी सुई हलते. प्रत्येक टप्प्याचं, म्हणजे मोजणीच्या दोन खुणांमधल्या अंतराचं आणि दिशेचं माप पुढून आणि मागून घ्या. दोन्ही जुळेनात, तर तो टप्पा पुन्हा मोजा.

आणि नकाशाचं प्रमाण १:२०० असं नुसतं लिहून थांबू नका. फोनवर पाठवलेला नकाशा लहानमोठा होतो, त्यामुळे मापाची पट्टी काढाच.