बाजारचौकातली ओवरीची घरं: डागडुजी करताना या चुका टाळा

कमानींची ओवरी असलेल्या जुन्या घरात पहिली तक्रार येते ती खांबाच्या पायथ्याची. दगडावर पांढरा लोणा फुलतो, नखाने खरवडलं की भुकटी हातात येते. मालक घाबरतो, गवंडी सिमेंट कालवून दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरून टाकतो. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं. ही घरं त्याच्या कितीतरी आधीची, चुन्यात बांधलेली. जमिनीतून चढणारी ओल चुन्याच्या दर्जांतून बाहेर पडून सुकत असते. तिथे सिमेंट बसलं की तिला वाट उरते ती दगडातूनच. पाणी उडून जातं, क्षार दगडाच्या कातडीखाली साचतात आणि पापुद्रे सुटू लागतात. काही वर्षांनी बघा, सिमेंटची रेघ ताठ उभी असते आणि दगड मात्र आत गेलेला. झिजायचंच तर दर्जेतल्या चुन्याने झिजावं, तो पुन्हा भरता येतो.

म्हणून आधी पाणी शोधा. पन्हळ गळते का? चौकाच्या फरशीवर नवी फरशी चढत जाऊन खांबाचं जोतं गाडलं गेलंय का? ते निस्तरल्यावर सिमेंट छिन्नीने, हातानेच काढा आणि चुना-वाळूने दर्जा भरा. भरलेला चुना काही दिवस ओल्या पोत्याखाली ठेवा. कडाक्याच्या थंडीत हे काम काढूच नका.

दुसरी चूक म्हणजे दुकानाचं तोंड रुंद करायला मधला खांब काढणं. प्रत्येक कमान बाजूला रेटा देते आणि शेजारची कमान तो परतवते. एक खांब गेला की शेजाऱ्याचं घरही कलू शकतं. चौकाच्या कोपऱ्यावरचा खांब तर आधीच जास्त ताण सोसत असतो. त्याला हात लावण्यापूर्वी जुन्या बांधकामाचा जाणकार अभियंता बोलवाच.

फ्रान्समधलं मोंपाझिए हे गाव इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८४ मध्ये वसवलं. तिथल्या चौकाभोवतीही अशाच ओवऱ्या आहेत. त्या गावात दोन घरांच्या मध्ये अरुंद फट सोडलेली दिसते, तिला 'आंद्रोन' म्हणतात. छपराचं पाणी तिथून वाहून जातं, आग लागली तर ती पलीकडे पसरायला अडथळा होतो. अशी फट कचऱ्याची जागा वाटली तरी बुजवू नका. बुजवलीत तर दोन्ही भिंती आतून कुजतील.

तडा दिसला की लगेच लिंपायची घाईही नको. त्यावर प्लास्टरची पातळ पट्टी बसवून तारीख लिहा आणि निदान वर्षभर, सगळे ऋतू जाईपर्यंत थांबा. पट्टी तडकली नाही तर तडा बहुधा जुना, थांबलेला असतो, तो चुन्याने भरून टाका. तडकली, तर पाया बघायला हवा.